चोराला चालेल

आमच्या चर्चमध्ये गुड फ्रायडेला येशू कोण होणार, हे राखेच्या बुधवारच्या आधी ठरवावं लागतं, म्हणजे माणसाला दाढी वाढवायला सगळा उपवासकाळ मिळतो. ठरवायचं काम बरीच वर्षं माझ्याकडे आहे. मी चर्च कमिटीचा सेक्रेटरी आहे आणि क्रूसाच्या वाटेचं नाटकही मीच बसवतो, कारण ही दोन्ही कामं दुसऱ्या कुणाला नको असतात. सोलापुरात त्या सुमाराला सकाळीच अंगणातली फरशी तापते. अशा फरशीवर अनवाणी चालायला, निलगिरीच्या वाशांचा क्रूस खांद्यावर घ्यायला आणि वर आमच्याच पोरांच्या हातचे सुतळीचे कोरडे खायला माणूस मिळणं सोपं नाही. ज्यांचा चेहरा येशूसारखा असतो त्यांना क्रूस उचलत नाही, आणि ज्यांना उचलतो त्यांचं पोट सुटलेलं असतं. एका वर्षी आमचा येशू तिसऱ्यांदा पडायच्या जागी पडला तो उठलाच नाही. लोकांना वाटलं, काय अभिनय आहे. बायका रडल्या. नंतर त्याला सलाईन लावावं लागलं.

यंदा मात्र मला मनासारखा माणूस मिळाला. तिशीतला, उंच, सडपातळ, गालफडं आत गेलेली, आणि दाढी मुळातच होती. तो रिक्षा चालवतो, स्टेशनच्या स्टँडवर. आमच्या चर्चमध्ये त्याची ओळख जरा वेगळी होती. नाताळच्या मिस्सेला, भर प्रार्थनेत, मागच्या बाकावर झोपणारा, वरातीत रस्त्यात आडवा होणारा, ज्याच्या आईला बाजूला घेऊन लोक "जरा समजवा त्याला" असं सांगायचे, तो हा. पण वर्षभरापूर्वी त्यानं दारू सोडली होती. आमच्या लोकांना ही बातमी कळायला फार वेळ लागला, कारण तो पडलेला असला की सगळे बघायचे, उभा असला की कुणी बघत नसे.

मिस्सेनंतर गाठून मी त्याला विचारलं, येशू होशील का. त्यानं आधी मागे वळून पाहिलं, मी दुसऱ्या कुणाला विचारतोय का ते बघायला. मग म्हणाला, आईला विचारून सांगतो. आई काय म्हणाली ते त्यानं सांगितलं नाही, पण दुसऱ्या दिवसापासून मटण सोडलं, तंबाखूचा मावा सोडला आणि नाटकाचे कागद प्लास्टिकच्या पिशवीत घालून रिक्षाच्या सीटखाली ठेवले. गिऱ्हाईक नसलं की तो ते काढून वाचायचा. स्टँडवरचे बाकीचे रिक्षावाले त्याला "देवा" म्हणून हाक मारू लागले. त्याला ते आवडायचं, असं मला वाटतं.

पहिल्या तालमीला त्यानं क्रूस उचलण्यासाठी शर्टाच्या बाह्या वर सारल्या आणि मी तालीम थांबवली. उजव्या हातावर, मनगटापासून पार कोपराच्या अलीकडेपर्यंत, टॅटू होता. आणि टॅटू येशूचा होता.

काट्यांचा मुकुट, खांद्यावर रुळणारे केस, गालावर ओघळलेले थेंब, सगळं होतं. गोंदणाऱ्यानं याआधी येशू काढलेला नसावा. मुकुटाचे काटे बाभळीचे होते, लांबलांब आणि जोडीजोडीनं फुटलेले. मिशीला टोकाशी पीळ होता. डावा डोळा उजव्याहून मोठा झाल्यामुळे प्रभू आपल्याला काहीतरी विचारतायत आणि उत्तर येईस्तोवर हलणार नाहीत, असं वाटायचं.

हे कधी केलंस, मी विचारलं. त्यानं हात वळवून माझ्यापुढे धरला, एखादं मूल दाखवावं तसा.

"दारू सोडली तवा काढलं, काका. गिलास याच हातानं उचलायचो की. आता उचलाय गेलं तर पयला हा वर येतो. याच्या तोंडाला गिलास लावल्यागत वाटतं."

दुसरा कुणी असता तर त्याच्या पाठीवर थाप मारून तालीम पुढे सुरू केली असती. मला ते जमत नाही. मला शंकेचा रोग आहे. फादर त्याला असंच म्हणतात. मी दर शनिवारी प्रायश्चित्ताला जातो. पाप नसलं तर शोधतो, आणि शोधूनही सापडलं नाही तर तो अहंकार असावा असं वाटून तेच सांगतो. माझी बायको म्हणते, "अहो, तुम्ही कबुली द्यायला जाता की हजेरी लावायला?" त्या दिवशी मला वेगळीच शंका लागली. वधस्तंभावर जो येशू दिसेल त्याच्या हातावर दुसरा येशू असेल. गोंदवणं पाप असेल तर पापाचं चिन्ह अंगावर वागवणारा माणूस प्रभूचं सोंग घेणार, आणि त्याला निवडणारा मी. मी त्याला एवढंच म्हणालो की सध्या मिस्सेला काय, स्टँडवर काय, पूर्ण बाह्यांचा शर्ट घालत जा. त्यानं का म्हणून विचारलं नाही. त्याला अशा सूचनांची सवय होती.

घरी येऊन मी जुना करार उघडला. मेलेल्या माणसासाठी अंगावर जखमा करून घेऊ नका आणि कातडीवर खुणा गोंदवू नका, अशा अर्थाचं वचन तिथं आहे, हे मला ठाऊक होतं. ते सापडलं. पण मी जरा वरच्या ओळी वाचायची चूक केली. तिथं दाढीच्या कडा कापू नका असं निघालं. मी रोज गुळगुळीत दाढी करतो. त्याच्याही वर, दोन जातींच्या सुताचं कापड अंगावर घालू नका असं होतं. मी होटगी रोडला एका टॉवेलच्या कारखान्यात तपासनीस आहे. सुती धाग्यात पॉलिस्टर बरोबर प्रमाणात मिसळलं आहे की नाही हे बघायचा मला पगार मिळतो. म्हणजे त्या पानानं बोट दाखवायला सुरुवात केली तर रिक्षावाल्याच्या हातापर्यंत पोचायच्या आधी माझी हजामत झाली असती. हे कळल्यावर माणसानं पुस्तक मिटावं. मी प्रश्न कमिटीपुढे नेला. पाप असलंच तर सगळ्यांत वाटून जाईल, असा माझा हिशेब असावा.

आमच्या कमिटीत अध्यक्ष म्हणजे सबकुछ. ते रेल्वेतून अधिकारी म्हणून निवृत्त झाले आहेत आणि अजूनही सगळ्यांकडे विनातिकीट सापडल्यासारखं बघतात. खजिनदार बाई एका दवाखान्यातून मेट्रन म्हणून निवृत्त झाल्या. फादर असतातच, पण फादरांची दर काही वर्षांनी बदली होते आणि अध्यक्षांची होत नाही. त्यामुळे शेवटचा शब्द कुणाचा, हे वेगळं सांगायला नको.

फादरांनी उत्तर दिलं आणि ते अगदी सरळ होतं. गोंदवण्याला चर्चची बंदी नाही. जुन्या करारातला तो नियम त्या लोकांना शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या मृतांच्या पूजेपासून दूर ठेवण्यासाठी होता. खाण्यापिण्याचे नियम आपण पाळत नाही, तसा हाही आपल्याला लागू नाही. विचारायचं ते एवढंच, की काढलंय काय, काढलंय कशासाठी, त्यानं कुणाचा अपमान होतो का, घरच्यांना दुखवून केलंय का, नुसता दिखावा आहे का. देह देवानं दिलाय, तो भिंत समजून रंगवू नये हे खरं. पण खूण केली म्हणून पाप होत नाही. आणि खुणेचंच म्हणाल तर स्नानसंस्काराच्या, म्हणजे बाप्तिस्म्याच्या वेळी तुम्हा सगळ्यांच्या आत्म्यावर एकेक मुद्रा उमटली आहे, ती काही केल्या पुसत नाही. फक्त ती दिसत नाही, म्हणून तुम्हाला तिची लाज वाटत नाही.

अध्यक्षांनी हे सगळं डोळे मिटून ऐकलं. मग विचारलं, "ते झालं, फादर. पण पाप लहान की मोठं?"

फादर म्हणाले, पापच नाही. अध्यक्षांना हे उत्तर अपुरं वाटलं. ते उठले, खिडकीशी गेले, तोंडातला मावा बाहेर थुंकले आणि परत येऊन म्हणाले की देह हे पवित्र आत्म्याचं मंदिर आहे आणि मंदिराच्या भिंतीवर असलं काही चालणार नाही.

खजिनदार बाईंचा प्रश्न वेगळा होता. सुई नवी होती का, हे त्यांना जाणून घ्यायचं होतं. कावीळ, एचआयव्ही, सगळं तिथूनच येतं, आणि त्याची रक्ततपासणी झाल्याशिवाय त्याला कोरडे मारू नयेत, मारणाऱ्या पोरांना धोका आहे, असं त्यांनी नोंदवायला सांगितलं. मी नोंदवलं.

मी मध्येच एक गोष्ट बोलून गेलो. आमच्या आयांच्या पिढीतल्या कितीतरी बायकांच्या कपाळावर, हनुवटीवर, मनगटावर गोंदण होतं. अध्यक्षांच्या आईच्याही होतं. मला ते चांगलं आठवतं, कारण लहानपणी ती आम्हाला रोझरी शिकवायची तेव्हा मण्यांच्या मागे मनगटावरचे हिरवे ठिपके हलायचे. तिला कुणी कधी ख्रिस्तप्रसाद नाकारला नाही. अध्यक्ष म्हणाले, "ते गोंदण होतं. परंपरा होती ती. याची फॅशन आहे." मी विचारणार होतो की परंपरा व्हायला किती वर्षं लागतात. पण माझी जीभ अशा वेळी टाळ्याला चिकटते, आणि नंतर शनिवारी सुटते.

तरी वाटलं होतं की मेकअपवर भागेल. हाताला थोडं फाउंडेशन लावलं की झालं, असं मीच सुचवलं. पण यावर अध्यक्षांनी नवाच मुद्दा काढला. चित्र कसंही असलं तरी प्रभूचं आहे. प्रभूच्या तोंडाला पार्लरमधली पावडर फासायची, तीही गुड फ्रायडेला? उघडं ठेवलं तर पाप दिसणार आणि झाकलं तर देवाचा अपमान होणार. मग पूर्ण बाह्यांच्या, कातडीच्या रंगाच्या बनियनचा विचार झाला. वधस्तंभावर फुल बाह्यांचा बनियन घातलेला प्रभू सगळ्यांच्या डोळ्यांपुढे येऊन गेला आणि थोडा वेळ कुणी कुणाकडे पाहिलं नाही. अध्यक्षांच्या गाडीच्या मागच्या काचेवर मेंढरू घेतलेल्या येशूचं भलंमोठं स्टिकर आहे. वायपरनं त्याचं अर्धं तोंड केव्हाच पुसून नेलं आहे. काचेवर प्रभू चालतो आणि कातडीवर चालत नाही, याचं कारण मी तेव्हापासून शोधतोय. गाडी धुता येते, एवढंच सापडलं आहे.

शेवटी अध्यक्षांनीच तोडगा काढला. मुलाला वगळायचं नाही, आपण ख्रिस्ती आहोत. त्याला दुसरं पात्र द्यायचं. प्रभूच्या दोन्ही बाजूंना दोन चोर असतातच.

"चोराला चालेल," ते म्हणाले.

सगळ्यांना हायसं वाटलं. फादर म्हणाले की हे त्यांना पटत नाही, तसं लिहून ठेवा. मी तेही लिहिलं. त्यावर खजिनदार बाईंनी रास्त शंका काढली की चोर कोणता, कारण त्यातला एक स्वर्गात जातो. तेव्हा मग डावीकडचा, शिव्या देणारा, असं एकमतानं ठरलं. येशूसाठी अध्यक्षांनी नम्रपणे आपल्या मुलाचं नाव सुचवलं. तो पुण्याला आयटीत आहे, घरून काम करत होता, गोरा, व्यायाम केलेला, अंगावर तीळसुद्धा नाही.

हे रिक्षावाल्याला सांगायचं काम अर्थातच सेक्रेटरीचं होतं. त्या दिवशी कारखान्यातून सुटल्यावर मी मुद्दाम चालत स्टेशनकडे गेलो, म्हणजे पोचायला उशीर होईल. वाटेत प्रत्येक देशी दारूच्या दुकानाकडे माझं लक्ष जात होतं. पूर्वी मी ती दुकानं कधी मोजली असती असं मला वाटत नाही. वर्षभर हा माणूस एका हाताच्या भरवशावर उभा होता. आम्ही चारजणांनी पंखा लावून, चहा पिऊन, त्या हातात काय दोष आहे ते ठरवलं होतं. आज तो पुन्हा प्यायला तर पाप कुणाच्या नावावर, हा प्रश्न मला पडला. या खेपेला शंका नव्हती, मला उत्तर माहीत होतं.

तो कागद वाचत बसला होता. मी जे सांगायचं ते सांगितलं. नीट सांगितलं नाही. परंपरा, लोकभावना, मंदिर, असे शब्द वापरले. तो ऐकत होता आणि शर्टाची बाही मनगटापर्यंत खाली ओढत होता. मग त्यानं विचारलं की दुसरं काय काम आहे. मी म्हणालो, चोराचं.

"चोर तर चोर," तो म्हणाला. "सवय हाय लोकांना."

मी सुटलो असं समजून निघालो होतो. पण चार दिवसांनी तालमीला तो माझ्याकडे कागद घेऊन आला आणि एका ओळीवर बोट ठेवलं. डावीकडचा चोर प्रभूची टिंगल करतो, तू खरा असशील तर स्वतःला वाचव आणि आम्हालाही, असं म्हणतो. तेवढंच त्याला जमणार नव्हतं.

"काका, याला हातावर घेऊन फिरायचं अन् यालाच शिव्या द्यायच्या व्हय? मला दुसरा चोर करा की. न्हायतर कायबी नको."

पहिल्यापासून आतापर्यंत त्यानं घातलेली ही एकच अट होती. मी इकडेतिकडे पाहिलं. अध्यक्ष नव्हते. मी दोन्ही चोरांची अदलाबदल केली आणि कमिटीला सांगितली नाही. उजवीकडच्या चोराला, तो बिचारा पॉलिटेक्निकचा विद्यार्थी, काहीच फरक पडला नाही. उलट शिव्या द्यायला मिळतात म्हणून तो खूश झाला.

त्या शनिवारी मी फादरांपुढे गुडघे टेकले आणि सगळं सांगितलं. कमिटीत विषय मी काढला. मेकअप मी सुचवला. आता चोर बदलून कमिटीला फसवलं. यातलं कोणतं जड आणि कोणतं हलकं, हे मला कळेना. फादर जाळीपलीकडून म्हणाले, "सेक्रेटरीसाहेब, तुमचं पाप ऐकताना मला कमिटीची मीटिंग पुन्हा भरल्यासारखं वाटतं. चोर बदललात ते चांगलं केलंत. बाकीच्याला पाप म्हणत नाहीत, भित्रेपणा म्हणतात. त्याला प्रायश्चित्त नसतं, त्याला संधी मिळते. जा आता, मागे म्हाताऱ्या बायका उभ्या आहेत."

नवा येशू तालमीला क्वचितच आला. आला की फोनवर बघून संवाद म्हणायचा आणि मध्ये पुण्याहून कॉल आला की क्रूस भिंतीला टेकवून बाहेर जायचा. पण क्रूस उचलला की दंड असे दिसायचे की पोरी नाटक बघायला लवकर येऊन बसू लागल्या. अध्यक्ष म्हणाले, पाहा, तरुण मंडळी चर्चकडे वळतायत.

गुड फ्रायडेला सकाळी अंगण भरून गेलं. डोक्यावर टॉवेल, हातात पाण्याच्या बाटल्या, पोरांना कडेवर घेतलेल्या बाया. कुंपणाबाहेर नेहमीसारखे आसपासचे लोकही उभे होते. आमच्या शेजारच्या तेलुगू विणकर घरांतले लोक दरवर्षी येतात आणि आमच्या लोकांपेक्षा जास्त शांत उभे राहतात. मी खाली माईक घेऊन निवेदन करत होतो. फादर पहिल्या रांगेत खुर्चीवर होते, त्यांच्या शेजारी अध्यक्ष. येशू पडायच्या जागी पडला, उठायच्या जागी उठला, घाम पुसणारीनं घाम पुसला आणि तो खराच होता. तिन्ही क्रूस उभे झाले. तीन माणसं दोरांनी बांधलेली, पायाखाली फळी, समोरून चढतं ऊन.

उजवीकडच्या चोराचा हात बाजूला ताणला गेला आणि त्यावरचा बाभळीच्या काट्यांचा येशू सगळ्यांच्या समोर आला. अध्यक्षांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. बाजू चुकली आहे, हे त्यांच्या तेव्हाच लक्षात आलं. मी कागदात डोकं घातलं.

डावीकडच्या चोरानं शिव्या दिल्या. त्याला उजवीकडच्यानं दटावलं. मग त्यानं मधल्याकडे मान वळवली आणि आपलं वाक्य म्हटलं. मी लिहिलं होतं तसंच म्हटलं, शुद्ध, एकही अक्षर न चुकवता: "प्रभू, तू आपल्या राज्यात जाशील तेव्हा माझी आठवण ठेव."

यावर येशूनं त्याला, तू आजच माझ्याबरोबर स्वर्गात असशील, असं सांगायचं असतं. येशू काही बोलला नाही.

आधी वाटलं, थांबलाय. चांगला नट थांबतो. मग त्याच्या तोंडाकडे पाहिलं आणि कळलं की हा विसरला. तो समोरच्या उन्हाकडे बघत होता, ओठ किंचित उघडे, आणि नजर त्या फोनला शोधत होती. मी खालून हळूच पहिला शब्द सुचवला. त्याला ऐकू गेला नाही. अध्यक्ष खुर्चीतून पुढे झुकून मुलासाठी तोंड हलवत होते, पण त्यातून आवाज येत नव्हता. त्यांनाही ते वाक्य येत नव्हतं. कुणालाच येत नव्हतं. चोराला स्वर्ग द्यायचा असतो हे सगळ्यांना माहीत होतं, पण कोणत्या शब्दांत, ते कुणाला आठवेना. खजिनदार बाईंनी पर्समधून चष्मा काढला, जणू ते कुठेतरी लिहिलेलं असेल.

आणि चोर वाट बघत टांगलेला होता. त्याच्या कपाळावरचा घाम डोळ्यांत जात होता, पुसायला हात मोकळे नव्हते. त्यानं पुन्हा विचारलं. आता कागदावरचं नव्हतं, आवाजही लहान होता.

"मालक, माझी आठवण ऱ्हाईल न्हवं?"

माझ्या हातात माईक होता आणि वाक्य मला पाठ होतं. पण मी ते कसं म्हणू? त्या दिवशी चर्चमध्ये प्रभूच्या दुःखसहनाची कथा वाचतात, तिच्यात सगळ्यांचे शब्द आम्ही वाचतो, प्रभूचे शब्द मात्र धर्मगुरूच वाचतो. सोंग घेतलेल्याचं वेगळं, ते माझ्या तोंडी शोभत नाहीत. मी फादरांकडे पाहिलं. ते माझ्याकडेच बघत होते, हात मांडीवर ठेवून, अगदी शांत, आणि उठायचं काही लक्षण दिसत नव्हतं. एका क्षणी वाटलं, मानेनं त्यांनी मला हो म्हटलं. नसेलही. उन्हात माणसाची मान अशीही हलते.

मी माईक तोंडाशी नेला. त्यानं आधी शिट्टी मारली, त्याला तीच सवय आहे. मग मी म्हणालो, "मी तुला खरं सांगतो, तू आजच माझ्याबरोबर स्वर्गात असशील."

चोरानं मधल्याकडे पाहिलं नाही. खाली माझ्याकडे पाहिलं आणि मान टाकली. तशी मान टाकायला मी सांगितलं नव्हतं.

नाटक संपल्यावर अध्यक्ष मला बाजूला घेऊन बरंच काही बोलले. चोर कुणी बदलला, आणि एक प्रापंचिक माणूस प्रभूचे शब्द स्पीकरवरून बोलतो म्हणजे काय, हे पुढच्या मीटिंगला घ्यायचं ठरलं. मुलाला उन्हाचा त्रास झाला, एवढंच त्याच्याबद्दल ठरलं.

मी बाहेर आलो तर रिक्षा उभी होती. त्यानं अर्ध्या बाह्यांचा शर्ट घातला होता आणि मनगटांवर दोरांचे लाल वळ उठले होते. बसा म्हणाला. सात रस्ता चौकापाशी एका रसवंतीवर थांबवली आणि दोन रस सांगितले, बर्फ न घालता. मला लगेच शंका आली की उपवासाच्या दिवशी उसाचा रस पाण्यात धरायचा की खाण्यात, त्यात लिंबू आलं तर काय. ते त्यानं माझ्या तोंडावर वाचलं असावं, कारण एक ग्लास त्यानं माझ्या हातात कोंबला.

मला त्याला दुसरंच विचारायचं होतं. विचारवत नव्हतं.

"विचारा की," तो म्हणाला. "मगाधरनं तोंड उघडताव अन् मिटताव."

तेव्हा मी विचारलं. मी चोराचं सांगितलं त्या दिवशी काय झालं. तो ग्लासातल्या फेसाकडे बघत राहिला. गेलतो म्हणाला, दुकानाच्या दारापर्यंत. मी म्हणालो, मग हाताकडे बघितलंस. त्यावर तो हसला, आणि मला ते हसू आवडलं नाही.

"हात कुटं दिसतोय. तुमीच फुल बाह्या घालाय लावलेल्या न्हवं?"

मग थांबलास कशानं, मी विचारलं. तो म्हणाला, घोट पोटात गेला की त्याचं पाठ केलेलं सगळं उडतं, पूर्वीपासूनचं आहे. येशूची एवढी पानं गेली ती गेली. चोराला बोलायचं थोडकंच. तेवढं तरी चुकू नये म्हणून तो रिक्षात येऊन बसला आणि दुकान बंद होईस्तोवर तेच म्हणत राहिला. तेव्हा तर त्याला कोणता चोर तेही ठरलेलं माहीत नव्हतं. त्यानं आपला चांगला चोर पाठ करून टाकला.

आम्ही रस प्यायलो. त्याचा ग्लास उजव्या हातात होता आणि तो वर जाताना प्रभूही मोठा डोळा करून वर जात होते. पैसे त्यानं मला देऊ दिले नाहीत. रिक्षाला किक मारायच्या आधी तो थांबला.

"काका, तुमी बोल्लेलं धरतात का पण? फादरच्या बदली?"

मी प्रामाणिकपणे सांगितलं की मला माहीत नाही. फादरांना विचारून सांगतो म्हणालो.

"नका विचारू," तो म्हणाला. "न्हाय म्हणाले तर मी कुटं जाऊ?"

त्यानंतर कितीतरी शनिवार आले आणि गेले. मी फादरांना विचारलेलं नाही. हे विचारलं नाही, हेही मी त्यांना सांगितलेलं नाही. माझ्या आयुष्यात हा एकच मुद्दा आहे जो मी अजून कमिटीपुढेही आणलेला नाही.